जुने भागीदार आणि नवे भाग

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात ताडकळस नावाचे गाव आहे. या काळ्या मातीच्या मुलखातील माणसास वाटणी म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. बाप वारला, की शेतात नवे बांध पडतात. चार भाऊ असले तर जमिनीचे चार तुकडे होतात, आणि पाचवा वाटेकरी निघाला तर प्रत्येकाचा तुकडा तेवढा लहान होतो, हे शेंबड्या पोरासही कळते. परंतु हाच मनुष्य जेव्हा कंपनीचा भागीदार होतो, तेव्हा त्याचे हे उपजत शहाणपण कोठे जाते, न कळे. शेताचा बांध डोळ्यांस दिसतो, कंपनीचा बांध कागदावर असतो. आणि कागदावरचा बांध एका रात्रीत हलला तरी कुत्रेदेखील भुंकत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. शेअरांची छापील प्रमाणपत्रे लोक अजून लोखंडी पेटीत जपून ठेवीत, त्या काळची. ताडकळसच्या एका वृद्ध गुरुजींकडे आमचे जाणे-येणे असे. त्यांच्या वडील बंधूंनी मुंबईस नोकरीत असताना एका कंपनीचे दहा भाग घेतले होते, ते वारसाने गुरुजींकडे आले होते. एके दिवशी त्यांनी एक जाड पाकीट आमच्यासमोर ठेविले. कंपनी नवे भाग काढीत आहे, आपल्या दहा भागांमागे आपणांस पाच नवे भाग अमुक किमतीस मिळतील, अमुक तारखेपर्यंत पैसे भरावे अथवा हक्क दुसऱ्यास द्यावा, अशा अर्थाचे ते पत्र होते. तारीख उलटून दोन महिने झाले होते. गुरुजींनी ते पत्र कंपनी आपणांकडे पैसे मागत आहे असे समजून पेटीत टाकिले होते. पुढे वर्तमानपत्रात भाव उतरलेला पाहून त्यांस काळजी वाटली. आम्ही म्हटले, "गुरुजी, यात आपले थोडेबहुत नुकसान झाले." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "अहो, माझे दहाचे दहा भाग पेटीत जागेवर आहेत. चोरी नाही, मारी नाही. मग गेले ते काय?"

हा प्रश्न आम्हांस तेव्हापासून सोडीत नाही. तो भोळा वाटतो, पण भोळा नाही. ज्या ज्या वेळी आपल्या देशात कंपन्यांनी नवे भाग काढिले, त्या त्या वेळी हाच प्रश्न कोणी ना कोणी विचारिला आहे. आणि त्याचे उत्तर न मिळाल्यामुळे कधी एखादी पेढी बुडाली, कधी एखाद्या राज्याच्या खजिन्यास भोक पडले. त्याच इतिहासातील दोन-तीन प्रकरणे आज वाचकांपुढे ठेवावी असा आमचा मानस आहे.

प्रथम हिशेब पाहू. कारण हिशेब समजल्यावाचून इतिहास नुसता गप्पांचा विषय होतो. समजा, ताडकळसच्या काही मंडळींनी मिळून कापसाचे जिनिंग घातले. शंभर भाग काढिले, प्रत्येकी हजार रुपयांचे. धंदा बरा चालला, नफ्यातला काही अंश गंगाजळीत राहिला, आणि आज हिशेब केला तर कारखान्याची खरी किंमत एक लक्ष साठ हजार रुपये होते. म्हणजे भागामागे सोळाशे. आता यंत्रे वाढवावयाची म्हणून आणखी पन्नास भाग काढावयाचे ठरले. प्रश्न एवढाच, की ते कोणास द्यावयाचे व कोणत्या भावाने?

पहिला प्रकार असा, की नवे पन्नास भाग बाहेरच्या मनुष्यास सोळाशे रुपयांसच विकिले. ऐंशी हजार रुपये आले. कारखान्याची किंमत दोन लक्ष चाळीस हजार झाली. भाग दीडशे झाले. भागामागे पुन्हा सोळाशेच. जुन्या भागीदाराच्या पैशास धक्का लागला नाही. दुसरा प्रकार असा, की बाहेरच्यास ते दर्शनी किमतीस, म्हणजे हजारासच दिले. पन्नास हजार आले. एकूण किंमत दोन लक्ष दहा हजार. दीडशांनी भागिले तर प्रत्येकी चौदाशे. जुन्या प्रत्येक भागाचे दोनशे रुपये गेले. शंभर भागांचे मिळून वीस हजार. ते कोठे गेले? नव्या मनुष्याने हजार देऊन चौदाशेची वस्तू घेतली. पन्नास भागांवर त्याचे चारशेप्रमाणे बरोबर वीस हजार झाले. कारखान्यातून एक पै बाहेर गेली नाही, कोणी तिजोरी फोडिली नाही, आणि तरीही वीस हजार रुपये एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. गुरुजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

तिसरा प्रकार असा, की नवे भाग हजारासच काढिले, पण ते जुन्यांनाच, ज्याच्या त्याच्या हिश्श्याच्या प्रमाणात देऊ केले. ज्याचे दहा भाग आहेत त्यास पाच नवे. त्याचे पूर्वी सोळा हजार होते. त्याने पाच हजार भरिले. आता त्याचे पंधरा भाग चौदाशेप्रमाणे एकवीस हजारांचे झाले. सोळा आणि पाच एकवीस. ना तोटा ना नफा. भाव उतरला तो केवळ दिसावयास. यालाच बाजारात 'राइट्स' म्हणतात. परंतु ज्याने पैसेही भरिले नाहीत आणि हक्कही विकिला नाही, त्याचे दहा भाग दहाच राहिले, व किंमत चौदा हजार झाली. त्याचे दोन हजार गेले. त्याने हक्क विकिला असता, तर पाच हक्कांचे चारशेप्रमाणे तेच दोन हजार त्यास रोख मिळाले असते. आमच्या गुरुजींचे झाले ते असे.

पैशाखेरीज आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे मत. शंभरांत ज्याचे दहा भाग होते तो दहाव्या हिश्श्याचा धनी होता. दीडशांत तो पंधराव्या हिश्श्याचा झाला. पहिल्या प्रकारात त्याच्या पैशास धक्का लागला नाही, पण सभेत हात वर करण्याच्या त्याच्या बळास लागला. कोणी म्हणेल, दहा भागांच्या धन्याचे बळ ते काय! एकट्याचे नसेलही, पण जेथे एकावन्न व एकोणपन्नास अशी ओढाताण असते, तेथे दोन हात इकडचे तिकडे झाल्याने कारखान्याचा मालक बदलतो.

यावरून नवे भाग काढणे हे मुळातच पाप आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. पैशावाचून धंदा वाढत नाही, आणि नव्या पैशाने धंद्याने जुन्यापेक्षा अधिक कमाई केली तर लहान झालेला हिस्साही पूर्वीच्या मोठ्या हिश्श्याहून मोलाचा ठरतो. कोरडवाहू पाच एकरांपेक्षा विहिरीखालचे तीन एकर बरे, हे ताडकळसच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. नव्या वाटेकऱ्याविषयी विचारावयाचे ते एवढेच: तो येताना काय घेऊन येतो? आणि त्याने आणिलेल्याचे पुढे काय होते?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुंबईने एकदा फार महागात घेतले. बँक ऑफ बॉम्बे ही मुंबई इलाख्याची पेढी १८४० साली स्थापन झाली. तिचे भांडवल ५२ लक्ष २५ हजार रुपये होते, व सरकारही तिचे भागीदार होते. वीस वर्षे ती सावधपणाने चालली. पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील संस्थानांच्या बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे तोंड वळविले. वऱ्हाड-खानदेशाच्या आणि गुजराथच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो पैसा मुंबईत ओतला. पैसा आला म्हणजे तो ठेवावयास जागा पाहिजे. म्हणून रोज एक बँक, रोज एक कंपनी, रोज समुद्र हटवून जमीन करण्याची एक योजना जन्मास येऊ लागली. ज्या कंपनीने अद्याप एक टोपली मातीही टाकिली नाही, तिच्या भागांस दर्शनी किमतीच्या कित्येक पट वर्ताळा चढू लागला.

या धामधुमीत १८६३ साली बँक ऑफ बॉम्बेस नवा कायदा मिळाला. कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर कर्ज देण्यास जी जुनी आडकाठी होती, ती या कायद्याने सैल केली. त्याच सुमारास बँकेने भांडवल वाढविले, आणि वाढविता वाढविता ते जुन्याच्या चौपट, म्हणजे दोन कोटी नऊ लक्ष रुपये झाले. आता भांडवल चौपट झाले म्हणजे कमाईही चौपट झाली पाहिजे, नाही तर प्रत्येक भागाच्या वाट्यास पूर्वीहून कमी येणार. चौपट कमाई करावयास चौपट खात्रीची कुळे कोठून आणावी? ती नव्हतीच. मग जी होती त्यांस पैसा दिला गेला. आणि ती होती शेअरांचे सट्टेबाज. नव्या भागांचा पैसा बँकेत आला तो एका दाराने, आणि दुसऱ्या कंपन्यांच्या भागांच्या तारणावर बाहेर गेला तो दुसऱ्या दाराने. कागदाने कागद तोलून धरिला होता.

१८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतील युद्ध संपले. कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस मुंबईच्या इतिहासात काळाकुट्ट म्हणून राहिला आहे. त्या दिवशी देणे घेणे कोणाचेच जमले नाही. तारण म्हणून ठेविलेले शेअर रद्दीच्या भावाचे झाले. बँकेने आणखी काही काळ तग धरिला. पण तिचे बहुतेक सगळे भांडवल बुडून १८६८ साली तिचा कारभार आटोपावा लागला. त्याच साली नव्या भांडवलावर नवी बँक ऑफ बॉम्बे उभी राहिली. तीच पुढे १९२१ साली इंपीरियल बँकेत मिळाली व १९५५ साली स्टेट बँकेच्या अंगाचा भाग झाली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीमंडळ बसले, त्याने दोष कोणाचा याची छाननी केली. त्या छाननीत न शिरता आम्ही एवढेच म्हणतो, की येथे जुन्या भागीदाराचा घात नव्या भागीदाराने केला नाही. नवा भागीदार रोख पैसे घेऊन आला होता. घात केला तो आलेल्या पैशास योग्य काम नसताना तो मागविणाऱ्यांनी. ज्या घरात दाणे ठेवावयास कोठी नाही, त्या घरी चार गाड्या धान्य आले तर ते उंदीरच खावयाचे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे नवा वाटेकरी काय घेऊन येतो याचे, मात्र आपल्या मराठवाड्याच्या पूर्वीच्या राजधानीनेच दिले. परभणीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. राज्याच्या तेलंगणी भागात, सिंगरेणीजवळ, भूगर्भसंशोधन खात्याचे डॉ. किंग यांस १८७१ साली कोळशाचा पत्ता लागला होता. पहिले सालारजंग १८८३ साली वारले. त्यांच्या मागे दरबारात कर्तबगार माणसे होती, तशी संधिसाधूही होती. १८८६ साली वॉटसन व स्ट्यूअर्ट या इंग्रज गृहस्थांस राज्यातील खनिजांचा शोध घेण्याचा व ती काढण्याचा मक्ता मिळाला. हा व्यवहार जुळविण्यात राज्याचे एक बडे अधिकारी सरदार अब्दुल हक यांचा हात होता. मक्ता चालविण्यासाठी लंडनात हैदराबाद डेक्कन कंपनी निघाली. तिचे नाममात्र भांडवल दहा लक्ष पौंड. दहा दहा पौंडांचे एक लक्ष भाग.

वाचकांनी येथे जरा थांबून पुढील आकडा नीट पाहावा. या एक लक्ष भागांपैकी ८५ हजार भाग, पूर्ण पैसे भरल्याचे समजून, मक्तेदारांस देण्यात आले. त्यांनी रोख काय दिले? काही नाही. त्यांनी कंपनीस दिला तो मक्ता, जो त्यांस निजाम सरकाराकडूनच मिळाला होता. उरलेल्या १५ हजार भागांपासून काय तो रोख पैसा उभा राहावयाचा. या पंधरा हजारांची पुरी रक्कम वसूल झाली असे धरिले, तरी दीड लक्ष पौंड होतात. आणि ते एक लक्ष भागांत विभागिले, तर दहा पौंडांच्या भागामागे रोख भांडवल दीड पौंड पडते. बाकी साडेआठ पौंड म्हणजे जमिनीखाली जो कोळसा असेल त्याची आशा. आशेलाही किंमत असते हे आम्ही नाकारीत नाही. सिंगरेणीचा कोळसा खोटा नव्हता. परंतु त्या आशेची किंमत ठरविली कोणी? जे ती विकीत होते त्यांनीच. दुधात पाणी घालणारा गवळी निदान ते पांढरे दिसेल इतके तरी दूध ठेवितो.

यावर कळस असा, की पुढे याच कंपनीचे भाग निजाम सरकाराने, दर्शनी किमतीहूनही अधिक भावाने, विकत घेतले. आणि हा सौदा करविणारे अब्दुल हक होते. राज्याचा समज असा, की आपण लंडनच्या बाजारातून माल घेत आहोत. नंतर उघडकीस आले ते असे, की मक्तेदारांस फुकट मिळालेल्या भागांत अब्दुल हक यांचा स्वतःचा गुप्त वाटा होता, व राज्यास विकले गेले ते भाग त्यांचेच होते. म्हणजे ज्या राज्याने मक्ता फुकट दिला, त्यानेच त्या मक्त्याचा तुकडा वर्ताळा देऊन परत विकत घेतला. विकणारा राज्याचा चाकर, आणि सल्ला देणाराही तोच.

बोभाटा झाला. अब्दुल हक यांस पदावरून दूर करण्यात आले. राज्याची बाजू मांडण्यासाठी मेहदी अली, म्हणजे पुढे अलिगढच्या इतिहासात गाजलेले मोहसिन-उल्-मुल्क, विलायतेस गेले. आणि १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटाच्या कॉमन्स सभेने या प्रकरणाच्या चौकशीसाठी खास कमिटी नेमिली. एका देशी संस्थानाच्या शेअरखरेदीसाठी पार्लमेंटाची कमिटी बसावी, हा योग सामान्य नव्हे.

आता त्या खरेदीचा पैसा आला कोठून? राज्याच्या उत्पन्नाचा मुख्य आधार जमीनमहसूल हा होता. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी या जिल्ह्यांतल्या कुणब्याने ज्वारी-कापूस विकून जो सारा भरला, त्याचा अंश त्या खजिन्यात होता. ताडकळसच्या ज्या शेतकऱ्याने लंडन शहराचे नावही ऐकिले नव्हते, तो एका अर्थाने त्या कंपनीचा भागीदार झाला होता. आणि त्याने ज्या भागास दहा पौंडांहून अधिक मोजले, त्याच्या पोटात रोख दीडच पौंड होते. शेअर ज्याच्या घरी नाही त्यास या विषयाशी काय कर्तव्य, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. सरकार, बँका, विमा, निवृत्तिनिधी यांच्या हातून आपण सगळेच कोठे ना कोठे भागीदार असतो.

कोळसा मात्र निघाला. १८८९ पासून खाणींचे काम चालू झाले आणि निजामाच्या रेल्वेस घरचा कोळसा मिळू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे परभणी-पूर्णा या वाटेने धावू लागली. १९२० साली सिंगरेणी कॉलियरीज या नावाने कंपनीची नवी नोंदणी झाली, आणि १९४५ साली तिचे बहुसंख्य भाग निजाम सरकाराने घेतले. म्हणजे १८८६ साली जे हातचे सोडिले, ते साठ वर्षांनी पैसे मोजून घरी आणावे लागले. धंदा खरा असूनही त्याच्या भागाचा व्यवहार खोटा असू शकतो, याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

अशा अनुभवांनी कायदा हळूहळू शहाणा होत गेला. १९१३ च्या हिंदी कंपनी कायद्यात १९३६ साली दुरुस्ती होऊन १०५ क हे कलम घातले गेले: चालकांनी नवे भाग काढिले, तर ते प्रथम जुन्या भागीदारांस त्यांच्या हिश्श्याच्या प्रमाणात देऊ करावे. आमच्या जिनिंगचा जो तिसरा प्रकार, तोच या कलमाने सामान्य नियम केला. या कलमाची कसोटी पाहणारा खटला मुंबईतच उपस्थित झाला. १९०८ साली निघालेल्या बॉम्बे लाइफ अश्युरन्स कंपनीचे शंभर रुपयांचे दहा हजार भाग मंजूर होते. पैकी ५,४०४ दिलेले, ४,५९६ राखून ठेविलेले. १९४५ च्या सुमारास बाहेरचा एक धनाढ्य गट बाजारातून तिचे भाग उचलू लागला. कंपनी दुसऱ्याच्या हाती जाणार असे दिसू लागताच चालकांनी राहिलेले भाग काढिले, आणि जुन्या भागीदारांस पाच भागांमागे चार या प्रमाणात देऊ केले. पाचांस चार या हिशेबाने वाटल्यावर अडीचशेवर भाग उरत होते. त्यांची विल्हेवाट चालकांनी आपल्या हाती ठेविली.

तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे दुहेरी होते. एक, काटेकोर प्रमाण पाळिले गेले नाही. दुसरे, कंपनीस पैशाची गरज म्हणून नव्हे, तर आपली खुर्ची राखण्यासाठी चालकांनी हा घाट घातला. खटला चढत चढत देशाच्या नव्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९५० साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की चालकांचा अधिकार हा विश्वस्ताचा अधिकार आहे. तो कंपनीच्या हितासाठीच वापरला पाहिजे. पण कंपनीस भांडवलाची खरी गरज असेल, तर त्याबरोबर बाहेरच्या गटाची वाट अडते एवढ्यानेच ते कृत्य दूषित ठरत नाही. आणि प्रमाण पाळावयाचे ते व्यवहारात शक्य असेल तितके. हा निकाल काहींस चालकांना फार मोकळीक देणारा वाटतो. आम्हांस त्यातील विश्वस्त हा शब्द अधिक मोलाचा वाटतो. नव्या भागाचा भाव आणि त्याचा धनी ठरविणारा मनुष्य दुसऱ्यांच्या मालमत्तेस हात घालीत असतो, हे त्या शब्दाने कायमचे सांगून ठेविले.

पुढे १९५६ च्या कंपनी कायद्याने ८१ व्या कलमात, व २०१३ च्या कायद्याने ६२ व्या कलमात, हाच नियम चालू ठेविला. मात्र भागीदारांनी खास ठराव करून परवानगी दिली तर नवे भाग इतरांसही देता येतात. मध्यंतरी, १९४३ पासून १९९२ पर्यंत, नव्या भागांवर सरकारी नियंत्रण होते आणि वर्ताळा किती घ्यावा हेही सरकारी अधिकारी ठरवीत. ते बहुधा तो हात राखून ठरवीत. १९७३ च्या परकी चलनाच्या कायद्याने अनेक विलायती कंपन्यांस आपला हिस्सा शेकडा चाळीसपर्यंत उतरविणे भाग पडले, तेव्हा त्यांचे भाग खऱ्या किमतीच्या मानाने स्वस्तात आपल्या मध्यमवर्गाच्या हाती आले. पुष्कळ मराठी घरांतील मुलींची लग्ने आणि मुलांची शिक्षणे त्या भागांवर झाली. त्यास आपण सुदैव म्हणतो. परंतु आमच्या जिनिंगचा दुसरा प्रकार आठवला, तर ते सुदैव कोणाच्या खिशातून आले हेही मान्य करावे लागेल. तेव्हा आपण नवे भागीदार होतो, म्हणून तक्रार केली नाही इतकेच.

कोणी म्हणेल, या साऱ्या कटकटीपेक्षा सहकाराचा मार्ग बरा. त्यात तथ्य आहे. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरास जो साखर कारखाना उभा केला, आणि ज्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला, त्या धर्तीच्या संस्थेत भाग दर्शनी किमतीस मिळतो, दर्शनी किमतीसच परत होतो, आणि भाग कितीही असले तरी मत एकच. तेथे गंगाजळी कोणा एकाची नसते, म्हणून नव्या सभासदाच्या येण्याने जुन्याचा पैसा पातळ झाला असे म्हणता येत नाही. मात्र मत पातळ होतेच. निवडणुकीच्या तोंडावर सभासदांची यादी फुगते तेव्हा जुना सभासद जे कुरकुरतो, ते याच कारणाने. म्हणजे नाव बदलले, कायदा बदलला, तरी वाटेकरी वाढविण्याची किल्ली कोणाच्या हाती, हा प्रश्न तसाच उभा राहतो.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळून हा लेख पुरा करू. "दहाचे दहा भाग जागेवर आहेत, मग गेले ते काय?" आम्ही त्यांस त्या दिवशी जिनिंगचा हिशेब मांडून दाखविला. ते गणित शिकविणारे. त्यांस तो चटकन कळला. काही वेळ ते गप्प राहिले, आणि मग म्हणाले, "म्हणजे मी आयुष्यभर मुलांस अंश आणि छेद शिकविला, आणि माझ्या पेटीत फक्त अंश मोजीत बसलो. छेद वाढला ते पाहिलेच नाही."

यापेक्षा नेटके उत्तर आम्हांस सुचले नाही. भाग म्हणजे वस्तू नव्हे. भाग म्हणजे अपूर्णांक. वरचा आकडा आपल्या हाती, खालचा चालकांच्या. बँक ऑफ बॉम्बेच्या भागीदारांनी छेद चौपट होताना पाहिला, पण त्याबरोबर एकूण वस्तू वाढते की फुगते हे विचारिले नाही. निजामाच्या खजिन्याने तर छेदात पंच्याऐंशी हजार फुकटचे आहेत हे न पाहताच अंश विकत घेतला. आज हे हक्क कागदाच्या पाकिटात न येता आपल्या डीमॅट खात्यात येऊन बसतात, ठरलेल्या मुदतीपर्यंत विकता येतात, आणि मुदत टळली की नाहीसे होतात. पेटीत टाकावयास आता पाकीटही उरले नाही. म्हणून सावधपणा पूर्वीहून अधिक पाहिजे.

गुरुजी पुढे फार वर्षे राहिले नाहीत. त्यांच्या पश्चात ते दहा भाग त्यांच्या दोन मुलांनी पाच-पाच वाटून घेतले. वाटणीच्या वेळी आम्ही हजर होतो. शेताचा बांध कोठे पडावा यावर दिवसभर वाद झाला. भागांची वाटणी दोन मिनिटांत झाली.